मदत हवी आहे: एचएमटी जनताच्या काचेवरचे चरे

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला, दांडिया बाजारात राहते. बाबांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ रोज हातात असतं. काच अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची, त्यामुळे स्कूटरचं हँडल, ओट्याची कड, कशानेही चरे पडतात. आता उन्हात काटेच नीट दिसत नाहीत.

घड्याळवाले काका म्हणतात, मिनरल काच (खरी, कडक काच) बसवा आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला, बफ मारून (यंत्रावर घासून चकाकी आणून) घ्या. बफ मला अजिबात नको. केसवर मुलामा आहे. तो घासला गेला की खालचं पितळ उघडं पडेल, कडाही गोल होतील. शिवाय पट्ट्याजवळची झीज बाबांच्या मनगटावर झालेली आहे, ती तशीच राहू दे.

प्रश्न काचेचाच आहे. मिनरलवर चरे कमी पडतात, पण आदळली तर ती तडकते. अ‍ॅक्रिलिक पॉलिश करता येतं म्हणतात. कुणी घरी केलंय का? टूथपेस्ट चालते की प्लास्टिकचं पॉलिशच आणावं? चावीच्या फटीतून पेस्ट आत जाऊ नये म्हणून नुसती चिकटपट्टी पुरेल का? रावपुरा-मांडवी भागात जुन्या चावीच्या घड्याळांचा जाणकार कारागीर माहीत असल्यास तेही कृपया सांगा.