धातूचे नॅनोकण: वरून पेरायचे की आतून उगवायचे?

खलबत्ता: प्रश्न असा: उत्प्रेरकात, म्हणजे रासायनिक क्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थात, धातूचे कण ऑक्साइडवर बाहेरून बसवायचे की त्याच्या आतून उगवायचे? आधीच सांगतो, मी आतून उगवण्याच्या बाजूने पक्षपाती आहे. ऑक्साइडची पूड निकेलच्या क्षारात भिजवायची, सुकवायची, भाजायची आणि हायड्रोजनमध्ये क्षपण करायचं (म्हणजे ऑक्सिजन काढून धातू मोकळा करायचा), ही जुनी रीत उच्च तापमानाच्या कामासाठी मोडीत काढायला हवी. नवा उत्प्रेरक सूक्ष्मदर्शकाखाली देखणाच दिसतो. पण ८०० अंश सेल्सिअसला मिथेन आणि वाफ सोडली की कण सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि मोजकेच ढब्बू गोळे उरतात. निकेल वितळतं १४५५ अंशांना, पण त्याचे अणू ६०० च्या आसपासच चुळबुळ करू लागतात.

त्यापेक्षा निकेल आधीच पेरोव्स्काइटच्या (खास स्फटिकरचनेच्या मिश्र ऑक्साइडच्या) स्फटिकजाळीत मुरवा आणि मग क्षपण करा. कण आतून उगवतो, त्याचा तळ दाढेसारखा रुतलेला राहतो. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने याचा आणखी एक फायदा दाखवला. वरून बसवलेल्या कणाखाली कार्बनचा तंतू वाढतो आणि कणालाच उचलून नेतो. रुतलेला कण तसा उपटला जात नाही.

चाळणी: दाढेचीच उपमा पुढे नेऊ. निम्म्या दाढा जबड्याच्या आतच राहिल्या तर चावायचं कशाने? २००२ मध्ये दाइहात्सु या जपानी मोटार कंपनीच्या संशोधकांनी मांडलं की गाडीच्या धुरात पॅलेडियम जाळीत आत-बाहेर करतं आणि उत्प्रेरक स्वतःच ताजा होतो. कल्पना झकास! पुढे इतरांनी पेरोव्स्काइटचे छेद तपासले, तर बरंच पॅलेडियम पृष्ठभागाखालीच अडकलेलं. महागडा धातू असा पुरून ठेवायचा?

खलबत्ता: पॅलेडियमचं मान्य. निकेल थोडं पुरलं गेलं तर माझी झोप उडत नाही. शिवाय जाळीत मोठ्या आयनांच्या काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या की धातू जास्त सहज बाहेर येतो. हे २०१३ पासून माहीत आहे.

धूरओळख: तुम्ही दोघं भट्टीतलं बोलताय, मी वायू-सेन्सरवर काम करते; तिथेही ऑक्साइडवर धातूचे कण बसवतात. आमचा कथिलाचा ऑक्साइड २०० ते ४०० अंशांत चालतो. त्याला तुमच्यासारखं हायड्रोजनमध्ये ८०० ला नेलं तर ऑक्साइडचंच कथिल होईल, आणि ते २३२ अंशांना वितळतं! कण कुठे रुतवायचे, डबक्यात? आणि आमचे सेन्सर बहुतेकदा मरतात ते सिलिकोनच्या वाफेने. वर सिलिकाचा थर बसतो, मग खालचा कण कितीही घट्ट रुतलेला असो.

खलबत्ता: बरं, कथिलाच्या ऑक्साइडपुरती माघार. पण हायड्रोजनची भट्टीच हवी असं नाही. २०१६ मध्ये घन-ऑक्साइड सेलवर (सिरॅमिकच्या विद्युत-रासायनिक सेलवर) फक्त सुमारे दोन व्होल्ट लावून कण उगवून दाखवलेत, तेही काही मिनिटांत.

चाळणी: सेल तापलेलाच होता ना? असो. टिकाऊपणा मला पटलाय. माझा प्रश्न अजून तोच: जाळीत घातलेल्या शंभर अणूंपैकी बाहेर आले किती? तो आकडा सूक्ष्मदर्शकाच्या पहिल्या फोटोशेजारी छापा, मग बोलू.