धागा : बरेच महिने परदेशात राहून गोव्यात परतताना काय काय बघावं?

तिसवाडीकर
शेजारचे काका-काकू मुलीकडे अमेरिकेत आहेत, चवथीआधी (गणपतीआधी) येतायत. काल काकूंचा मेसेज, "बॅगांचं काय करू?" त्यावरून आखातातून येणाऱ्यांची ती नायलॉनच्या दोरीने आवळलेली, मार्करने नाव-गाव लिहिलेली खोकी आठवली. म्हणून हा धागा. आपबिती नको, कामाचं तेवढं लिहा.

सुरुवात मी करतो. गोवेकरांचा घोळ होतो तो शेवटच्या तासाभराच्या प्रवासात. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात. मुंबईपर्यंत एक तिकीट आणि मुंबई-गोवा वेगळं काढलं की पुढच्या विमानाला साधारण 15 किलोच. उरलेल्या 31 किलोंचे पैसे किलोमागे मोजा. गोव्यापर्यंत एकच पीएनआर (बुकिंग नंबर) असेल तर सहसा तेच मोठं वजन शेवटपर्यंत चालतं. तिकिटं वेगळी काढून झाली असतील तर जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या, काउंटरवर महाग पडतं.

आणि हो, पीएनआर एक असला तरी मुंबईत बहुतेक वेळा बॅगा पट्ट्यावरून उचलून, कस्टम पार करून पुन्हा द्यायच्या असतात. टॅगवर गोवा लिहिलंय म्हणून सरळ पुढच्या गेटकडे जाऊ नका.

म्हापशेकार
गोव्याचे विमानतळ दोन : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. तिकीट काढताना स्वस्त दिसलं म्हणून कुठलंही दाबतात. काणकोणचा माणूस मोपाला उतरला तर सगळा गोवा ओलांडून घरी. आता नवी मुंबईही सुरू झालीय (एनएमआय). मुंबईला उतरून नवी मुंबईहून गोव्याचं विमान असेल तर मध्ये बॅगांसकट शहर पार करायचं आहे. तिकिटावर तीन अक्षरं वाचा, "मुंबई" वाचू नका.

काणकोणची
@म्हापशेकार सगळा गोवा ओलांडून 😂😂 आमचं दुःख कोणीतरी लिहिलं एकदाचं

वास्को_टू_वास्को
मुंबईहून रेल्वे घ्या की. कोंकणकन्या, मांडवी. दोन बॅगा बर्थखाली जातात, काटा लावायला कोणी येत नाही. पावसाळी वेळापत्रक मात्र तपासा, गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात. उत्तरेकडच्यांनी थिवी, आमच्यासारख्यांनी मडगाव.

कुळागर
बॅगांचं झालं. घराचं कोण बघणार? जून ते सप्टेंबर बंद असलेलं घर उघडणं हे वेगळंच काम आहे. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना तुम्ही यायच्या निदान दोन दिवस आधी खिडक्या उघडायला सांगा.

वीज : आधी सगळे एमसीबी (एकेका लाईनचे छोटे स्विच) खाली पाडा, मग मेन आणि ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) वर करा, मग एमसीबी एकेक करून. ज्याच्यावर ईएलसीबी पडतो त्या लाईनवर ओल आहे. बहुतेक वेळा बाहेरच्या दिव्याचं होल्डर किंवा पंपाचं बोर्ड निघतं. तेवढं बंद ठेवून बाकीचं घर चालवा. ईएलसीबी पुन्हा पुन्हा जबरदस्तीने वर करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गिझर : गरम पाण्याचा नळ उघडून धार सलग येईपर्यंत थांबा, मगच बटण. रिकामा तापवला की कॉइल गेली.

संडास आणि न्हाणीघराच्या जाळीखालचं पाणी आटलेलं असतं, म्हणून घरात घाण वास आणि झुरळं. प्रत्येकात बादलीभर पाणी ओता. अर्धा वास तिथेच जातो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर दोन खुणांच्या मध्ये. आरओचं नको.

हळदोणे
आणि बाव (विहीर)?

कुळागर
@हळदोणे बरं आठवण केलीस. विहिरीचं पाणी आधी मोजायचं. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटर, त्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर असेल तर 28 हजार लिटरच्या वर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे साधारण 70 ग्रॅम. उघड्या पिशवीतली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरिन उडालेला असतो.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचं, ती बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली नेऊन वर-खाली जोरात हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. मग तासभर पाणी काढू नका. हे रात्री केलं तर सकाळी निर्धास्त. पाण्यावर पानं-पाचोळा असेल तर तो आधी काढा, नाहीतर क्लोरिन त्यातच संपतो.

काणकोणची
सेव्ह केलं. बाबांना पाठवते, ते अंदाजे मूठभर टाकतात 🙈

दर्यावर्दी
बोटीवरच्यांसाठी. साइन-ऑफ (बोटीवरची नोकरीची फेरी संपणं) झाल्यावर सीडीसीत (खलाशाच्या नोंदवहीत) तारीख आणि शिक्का बघितल्याशिवाय गँगवे (बोटीचा जिना) उतरू नका. एनआरआयचे दिवस आयकरात त्या तारखांवरून धरतात, साइन-ऑनपासून साइन-ऑफपर्यंत. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटोही जपून ठेवा. एक-दोन दिवसांनी एनआरआय ठरवणारा 182 दिवसांचा आकडा इकडे-तिकडे होतो आणि मग सीए डोकं धरतो.

ब्राझील, केनिया अशा पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत भारतात येणार असाल तर पिवळं पुस्तक (लशीचा दाखला) हातातल्या पिशवीत. लस घेऊन दहा दिवस झालेले हवेत. कार्ड आता जन्मभर चालतं, पण ते बॅगेत तळाशी असेल तर उपयोग शून्य. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

सुकेबांगडे
पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, बॅग बाजूला काढतात. मर्यादा 100 वॉट-अवर. 20,000 एमएएच गुणिले 3.7 भागिले 1000 = 74, चालतं. 30,000 ची असेल तर 111, त्याला एअरलाइनची परवानगी लागते. आकडे पुसले गेलेली असेल तर तिथेच कोणाला तरी देऊन या.

भाटकारीण
ट्रेकिंगवाल्यांनी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र भारतात आणू नका. थुराया, इरिडियमवर चालणारी उपकरणं आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाहीत. हिमालयातच काय, गोव्याच्या विमानतळावरही परदेशी पाहुणे यात अडकलेले आहेत. ड्रोनची आयात 2022 पासून बंद. ई-सिगारेट 2019 पासून. बियाणं, कलमं, कंद आणायचे तर प्लांट क्वारंटाइनचे कागद लागतात, खिशात घालून आणायची वस्तू नव्हे ती.

पेडण्याचो
@भाटकारीण कंद गेले म्हणजे आमच्या मावशीची अख्खी बॅग गेली 😄

सांतआंद्रे
दारू माणशी 2 लिटर, सिगारेट 100, अठरा वर्षांवरच्याला एक लॅपटॉप. सोनं म्हणाल तर वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्यांनाच दागिन्यांची सूट, पुरुषाला 20 ग्रॅम, बाईला 40. दागिने म्हटलंय, बिस्किटं आणि नाणी त्यात येत नाहीत. सहा महिने मुलीकडे राहून आलेल्या काकूंना ही सूट नाही. इथून नेलेले दागिने घालूनच येणार असतील तर जाताना कस्टमकडून निर्यात दाखला घ्यायला हवा होता. नसेल घेतला तर जुनी बिलं आणि आधीचे फोटो जवळ ठेवा.

ड्युटी-फ्रीची बाटली मुंबईत कस्टमनंतर चेक-इन बॅगेत टाका, बॅग पुन्हा द्यायच्या आधी. पुढच्या विमानाच्या तपासणीत सीलबंद पिशवीवरून वाद घालत बसायला वेळ नसतो. जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध, कडेला नाही.

तिसवाडीकर
दागिन्यांचं काकूंना आता सांगून काय उपयोग 😬 सांगतो तरी.

लिस्बनवाट
पोर्तुगालहून येणाऱ्यांनी (आणि राहण्याचा पत्ता युरोपबाहेरचा असणाऱ्यांनी) व्हॅट परत घ्यायचा असेल तर खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवून टॅक्स-फ्री कागद करून घ्या. नंतर दुकानदार देत नाही. विमानतळावर बॅग देण्याच्या आधी ई-टॅक्सफ्रीच्या मशीनवर कागद पास करा. माल बघायला मागू शकतात आणि बॅग गेलेली असेल तर दाखवणार काय? खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत माल युरोपीय संघाबाहेर गेला पाहिजे. लंडनला थांबून खरेदी करणार असाल तर तिथे 2021 पासून ही सोयच नाही.

शेंगेनचे (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचे) 90 दिवस मोजताना उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही धरायचे. कुठल्याही 180 दिवसांत 90. महिन्यांनी मोजलं की चुकतं, मे आणि जुलै 31 चे.

अमेरिकावाल्यांनी व्हिसावरची तारीख बघू नये, आय-94 (अमेरिकेत शिरतानाची प्रवेश-नोंद) वरची बघावी. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत आय-94 ठरवतो.

वास्को_टू_वास्को
ओसीआयवाल्यांचं (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्यांचं) कोणी लिहिलं नाही. आमच्या भागात निम्मे तेच. नवीन पासपोर्ट झाला असेल तर तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या पोर्टलवर अपलोड. जुना पासपोर्ट बरोबर ठेवायची सक्ती 2021 मध्ये काढली.

काणकोणची
भारतातलं सिम चालू आहे ना ते निघायच्या आठवडाभर आधी बघा. 90 दिवस वापर नसेल आणि शिल्लक 20 रुपयांच्या खाली असेल तर नंबर जातो. नंबर गेला की बँकेचा ओटीपी गेला, टॅक्सीचं ॲप गेलं, सगळंच.

हळदोणे
टॅक्सी म्हटलं की भांडण सुरू होईल इथे 😀 मोपाहून पणजी, मडगावला कदंबच्या बसा आहेत, एवढं सांगून गप्प बसतो.

सुकेबांगडे
उरलेली नाणी तिकडेच खर्च करा, इथे बदलून मिळत नाहीत. नोटा 2,000 डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून 180 दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायच्या. रोख नोटा 5,000 डॉलरच्या वर असतील तर उतरल्यावर कस्टमला जाहीर करायच्या.

कुळागर
स्कूटरचं राहिलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, आत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. आपल्या हवेत चार महिन्यांत टाकीच्या तळाशी पाणी सापडतं. चारचाकीचं बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा, उंदीर तिथे घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. स्टार्टर मारण्याआधी बघा.

पेडण्याचो
@तिसवाडीकर काकूंना व्हीलचेअर लागणार असेल तर निदान 48 तास आधी एअरलाइनला कळवा. मुंबई-गोव्याचं तिकीट वेगळं असेल तर त्या एअरलाइनला वेगळं कळवावं लागतं, पहिल्याचा निरोप दुसऱ्याकडे जात नाही.

तिसवाडीकर
हे डोक्यातच नव्हतं. तिकिटं वेगळीच आहेत. आत्ता फोन लावतो, तिकडे सकाळ झाली असेल.