मदत हवी आहे : ‘लॉपसायडेड’ला चपखल मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

एका त्रैमासिकासाठी राज्याच्या विकासावरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे आणि ‘लॉपसायडेड’ या शब्दापाशी अडले आहे. लेखकाने तो लागोपाठच्या दोन परिच्छेदांत वापरलाय. आधी माल एका कडेला सरकल्यामुळे कललेलं जहाज येतं, मग महाराष्ट्राची अर्थव्यवस्था. दोन्हीकडे तोच शब्द हवा, नाहीतर लेखकाने बांधलेला धागा तुटतो.

जहाज उगाच आलेलं नाही. इंग्रजीत हा शब्द १७११ पासून सापडतो, तोही जहाजांच्याच संदर्भात. ‘लॉप’ म्हणजे सैल लोंबणं. लोंबत्या कानांच्या सशांच्या नावातही तोच शब्द आहे. म्हणजे एक बाजू खाली गेलीय, पण वस्तू अजून उलटलेली नाही. हा ‘अजून नाही’ मला हातचा जाऊ द्यायचा नाही, म्हणून ‘कलंडलेलं’ बाद.

‘असमतोल’ तर डोळ्यांसमोरच आहे. राज्याच्या विभागांतली विकासाची तफावत मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून ‘प्रादेशिक असमतोल’ आणि ‘अनुशेष’ (मागे पडलेल्या भागाची विकासातली तूट) हे शब्द विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी पोचलेत, आणि अर्थव्यवस्थेच्या परिच्छेदात तो अगदी बसतो. पण ‘असमतोल जहाज’ मराठी कानाला टोचतं. ‘असंतुलित’ कागदी वाटतो. ‘विषम’मध्ये अन्यायाची छटा येते, ती विकासाला लागू आहे, जहाजाला नाही. ‘एकांगी’ विचाराला, टीकेला, फार तर विकासाला शोभतो. ‘एककल्ली’त ‘कल’ ऐकू येतो खरा, पण तो माणसाच्या स्वभावाला चिकटलाय. ‘लंगडा विकास’ वर्तमानपत्रांत सर्रास दिसतो. माणसाचं अपंगत्व असं उणेपणासाठी वापरणं मला पटत नाही, त्यामुळे तो नको.

खेळाच्या बातम्यांत अडचण नसते. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला फुटबॉलमध्ये ३१-० ने हरवलं, त्याला ‘एकतर्फी सामना’ म्हटलं की काम झालं. इथे ते चालत नाही.

बोलीतले दोन शब्द मात्र मनात घोळताहेत. एक ‘उलाळ’. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की पुढचा भाग वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून उठायला बघतं, आणि गाडीवान खाली उतरून दोन पोती पुढे ओढतो. ‘गाडी उलाळ झाली’ म्हणतात ते हेच. गाडी उलटलेली नाही, भार हलवला तर सावरते; मला हवा तो अर्थ नेमका इथे आहे. पण हा तोल पुढचा-मागचा, जहाजाचा डावा-उजवा. शिवाय शहरातल्या वाचकाला कळेल का?

दुसरा ‘पासंग’. तराजूची पारडी रिकामी असतानाच वरखाली असली, तर हलक्या पारड्याला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दांडी सरळ करतात, तो पासंग. ‘पासंगालाही पुरत नाही’ आपण रोज म्हणतो. तराजूच मुळात एकीकडे ओढतो, हा अर्थ निधीवाटपाला फार सुंदर लागू पडतो. पण जहाजाला पासंग कसा जोडायचा?

सध्या कच्च्या मसुद्यात ‘एकीकडे कललेलं जहाज’ आणि ‘एकीकडे कललेला विकास’ असं लिहून ठेवलंय. चुकीचं नाही, पण दोन शब्द लागतात आणि ठसका येत नाही.

कोकण किनाऱ्यावरचे कोणी इथे असाल तर विशेष विनंती : जाळी किंवा मासळी एका अंगाला जास्त झाली आणि होडी त्या बाजूने पाण्यात दबून चालू लागली, तर तुमच्याकडे काय म्हणतात? गवंडीकाम, शिवणकाम, सुतारकाम यांतला शब्दही चालेल. शब्दासोबत तो ज्या वाक्यात बोलला जातो ते वाक्य आणि गावाचा किंवा तालुक्याचा उल्लेख करा, म्हणजे लेखात तळटीप देता येईल. मसुदा महिनाअखेरीस द्यायचा आहे.