घरच्या संघामागे हंगामभर: गुणफलकावर न दिसणारं काय बघता?

कबड्डीतले पुणेरी पलटण आणि यू मुंबा, फुटबॉलमधला मुंबई सिटी, शिवाय मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ हे रणजी संघ. यांपैकी कुणाच्या तरी मागे हंगामभर असणारे इथे बरेच आहेत. निकाल तर सगळ्यांनाच कळतो. या धाग्यात हवंय ते त्याच्या आतलं. सामना चालू असताना तुमची नजर कुठे असते, गुणतक्ता कसा वाचता, लिलावात काय तपासता, नवख्याची गल्लत कुठे होते? 'पहिला सामना बाबांच्या खांद्यावरून पाहिला' छापाच्या आठवणी इथे नकोत, त्यांना वेगळा धागा आहे. इथे फक्त कामाचं लिहा.

लोण

कबड्डीत आधी बाकावर कोण बसलंय ते बघा, मग आकडे. समजा १८-१८ बरोबरी आहे. एका संघाचे सातही गडी आत, दुसऱ्याचे तीनच, आणि त्यांचा मुख्य चढाईपटू बाहेर. याला बरोबरी म्हणत नाहीत. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. तो रांगेत चौथा असेल तर त्याला आत आणायला चार गडी टिपावे लागतील. बोनसच्या गुणाने (नुसती बोनस रेषा ओलांडून मिळतो तो) कोणी जिवंत होत नाही, हे तर रोजच्या प्रेक्षकालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. म्हणून 'नुसता बोनस काय घेतोस' अशी ओरड होते तेव्हा ती अर्धी बरोबर असते: गुण मिळाला, पण गडी बाहेरच राहिला.

समोर किती गडी उरलेत त्यावर डाव बदलतो. सहा किंवा सात असतील तर बोनस उपलब्ध. पाच किंवा चार असतील तर बोनस बंद, चढाईपटूला गडी टिपावाच लागतो. तीन किंवा कमी उरले की यशस्वी पकडीला एकाऐवजी दोन गुण, म्हणजे अव्वल पकड. (गुण दोन, पण जिवंत होतो एकच.) चांगले चढाईपटू म्हणूनच तीन गड्यांसमोर उगाच हात लांबवत नाहीत. बाहेरून ते घाबरल्यासारखं दिसतं, पण तो हिशेब असतो.

लोण चढवला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, की दोन गुण जास्तीचे, पण समोरचे सातही ताजे होऊन परत येतात, बाहेर बसवलेला त्यांचा हुकमी एक्काही. लोणनंतरची पहिली चार-पाच मिनिटं आघाडी का आटते, याचं कारण बहुधा हेच.

आता शेवटची तीन मिनिटं. चढाईला ३० सेकंद असतात. आघाडीवरचा संघ ती पुरती खातो, मागे असलेला घाईत १० सेकंदांत परततो. म्हणजे चढायांच्या एका जोडीला ४० सेकंद, आणि तीन मिनिटांत चार जोड्या, फार तर पाच. पण आघाडीवाल्यालाही सलग दोनच चढाया रिकाम्या नेता येतात, तिसरीत गुण नाही तर तो बाद. मागे पडलेल्या संघाची खरी संधी त्या तिसऱ्या चढाईत असते. चाहते आपल्या चढाईला घसा फोडतात. आवाज लावायचाच तर समोरच्याच्या तिसऱ्या चढाईला, आपल्या बचावासाठी लावा.

हातोडा

प्रो कबड्डीच्या लिलावाबद्दल. संघाची थैली अलीकडे ५ कोटींची आहे. मूळ किंमत अ गटाला ३० लाख, ब ला २० लाख, क ला १३ लाख, ड ला ९ लाख. एकावर दोन कोटी घातले तर उरलेल्या तीन कोटींत सगळा बाकडा भरायचा असतो, हे विसरून 'अमुक का नाही घेतला' असा गदारोळ होतो.

इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईचं उदाहरण घ्या. दहाव्या हंगामासाठी पुण्याने २.३५ कोटी मोजले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या लिलावात तो २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकली. त्यानंतर २.२३ कोटींना गुजरातकडे. तीन लिलाव, तीन संघ. पुण्याची अकराव्या हंगामात प्ले-ऑफही हुकली, पण ती फक्त त्याच्या जाण्याने नाही, अस्लम इनामदारही दुखापतीने बाहेर गेला होता.

माझं मत असं की चढाईपटू पैशाने मिळतो, कोपऱ्यांची (दोन टोकांच्या बचावपटूंची) जोडी मिळत नाही. डावा कोपरा घोट्यात शिरला की उजव्या मध्यरक्षकाने कधी झेपावायचं, हे जमायला एक हंगाम जातो. म्हणून कायम राखलेल्यांची यादी आली की मी आधी दोन्ही कोपरे आणि दोन्ही मध्यरक्षक मोजतो. चारपैकी तीन तेच असतील तर झोप लागते. पलटणने अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं तरुणपणी उचलून सांभाळली आणि चार हंगामांत तीन अंतिम सामने गाठले. त्यातले दोन हरले, हेही लिहायला हवं: २०२२ ला जयपूरकडून २९-३३, २०२५ ला दिल्लीकडून २८-३१.

अंतिम बोलीची बरोबरी करून आपला जुना गडी परत घ्यायची सोय असते. लिलाव बघताना शेवटची बोली लागल्यावर लगेच हळहळू नका, कार्ड कोणाच्या हातात आहे ते बघा.

सातवा गडी

वर लोण यांनी शेवटच्या मिनिटांचा हिशेब दिला, त्यात गुणतक्त्याची भर. अकराव्या हंगामापर्यंत विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १. त्यामुळे नऊने मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटाला जिंकायला नव्हे, सातवर यायला खेळायचा. बाराव्या हंगामात विजयाला २, पराभवाला शून्य. जुन्या सवयीने 'सातच्या आत आलो' म्हणून टाळ्या वाजवण्यात आता अर्थ उरलेला नाही.

साखळीतही बरोबरी ठेवत नाहीत, पाच-पाच चढाया होतात. त्यात निदान रेषाच (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) बोनस रेषाही धरतात, गडी बाद होऊन बाहेर जात नाही, आणि पाचही चढाया वेगवेगळ्या गड्यांनी करायच्या असतात. एकट्या एक्क्यावर जगणारा संघ इथे उघडा पडतो. तुमच्या संघाचा पाचवा चढाईपटू कोण, हे सांगता येत नसेल तर तुमची गाडी अजून आकड्यांवरच आहे.

जामठा

रणजीत मुख्य आकडा पहिल्या डावाच्या आघाडीचा. निर्णायक विजयाला ६, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलात तर आणखी १. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेल्याला ३, मागच्याला १. आठ संघांच्या गटात सात सामने, वर जाणार दोनच. तीन-तीन करत बसलेला संघ सुरक्षित वाटतो, पण एखाद्याने दोन सामने बोनससह मारले की तो मागे पडतो.

चार दिवस म्हणजे रोज ९० प्रमाणे ३६० षटकं. पहिला डावच १५० षटकांपुढे गेला की निर्णायक निकाल विसरा, सामना आघाडीवर येऊन थांबतो. 'कंटाळवाणी फलंदाजी' हा शेरा अशा वेळी चुकीचा असतो. बाद फेरीत तर ती आघाडीच सामना जिंकून देते. २०२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भ ३७९, केरळ ३४२. त्या ३७ धावांवर करंडक ठरला. पुढे विदर्भाने ९ बाद ३७५ केल्या, त्या जिंकण्यासाठी नव्हत्या, वेळ संपवण्यासाठी होत्या.

८० षटकांनी नवा चेंडू मिळतो. सकाळी सुरू झालेल्या डावात तो दिवसाच्या शेवटच्या दहा षटकांत हाती येतो. कर्णधार तो लगेच घेतो की दुसऱ्या सकाळसाठी राखतो, ते बघायला थांबा. बरेच लोक चहापानानंतर उठतात आणि दिवसातली सगळ्यात चांगली अर्धी घटका चुकवतात.

संघ ओळखताना एक सावधगिरी. हल्ली रणजी दोन टप्प्यांत होते, मध्ये पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा. जानेवारीतला अकरा जणांचा संघ ऑक्टोबरचा नसतो. आणि बाहेरून आलेला खेळाडू एका पत्राने परत जातो: करुण नायरने त्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ केल्या, पुढच्या हंगामात तो कर्नाटककडे. हर्ष दुबे मात्र इथलाच, एका रणजी हंगामात ६९ बळींचा विक्रम त्याचा.

मैदान आधी नक्की करा. नागपुरात सिव्हिल लाइन्सचं जुनं आणि वर्धा रोडवरचं जामठ्याचं, दोन्हीकडे सामने होतात. जामठ्यासाठी मेट्रो खापरीपर्यंत, पुढे रिक्षा. बहुधा एकच स्टँड उघडा ठेवतात, त्यामुळे 'साइटस्क्रीनच्या रेषेतली जागा' हा हट्ट सोडा.

खडूस

नोंदीपुरतं: मुंबईची रणजी विजेतेपदं ४२. शेवटचं मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर, १६९ धावांनी. समोर कोण होतं ते जामठा सांगतीलच.

जामठा

सांगतो, आम्हीच, विदर्भ. आणि पुढच्या हंगामात उपांत्य फेरीत आमच्याकडून ८० धावांनी कोण हरलं, तेही नोंदीत घ्या.

शिल्ड

फुटबॉलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, नवखा पहिल्यांदा अडखळतो तो शिल्ड आणि कपमध्ये. २०२४-२५ पर्यंत साखळीत अव्वल राहणाऱ्याला शिल्ड मिळायची, प्ले-ऑफ जिंकणाऱ्याला कप. मुंबई सिटीने २०२०-२१ ला दोन्ही घेतली. २०२२-२३ ला २० सामन्यांत ४६ गुण मिळवून शिल्ड घेतली आणि उपांत्य फेरीत बंगळुरूकडून पेनल्टींवर हरली. पुढच्या वर्षी उलटं: साखळीच्या शेवटच्या दिवशी कोलकात्यात मोहन बागानकडून १-२ हरून शिल्ड घालवली, आणि १९ दिवसांनी त्याच मैदानावर त्यांनाच ३-१ हरवून कप आणला. माझ्या लेखी शिल्ड मोठी, कारण हंगामभराचा खेळ तिच्यात दिसतो. याला बरेच जण हरकत घेतील, घ्यावी.

क्लबची तब्येत गुणतक्त्यावर कळत नाही. मालक कोण, घरचं मैदान पक्कं आहे का, आशियाई परवाना मिळालाय का, या तीन गोष्टी दर उन्हाळ्यात तपासा. एफसी पुणे सिटी २०१७-१८ ला उपांत्य फेरीत होती, २०१९ ला क्लबच राहिला नाही. त्याची जागा घेतलेला हैदराबाद २०२१-२२ ला कप जिंकला आणि २०२५ ला दिल्लीला हलवला गेला. मुंबईतही सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ ला ६५ टक्के हिस्सा घेतला होता, २०२५ च्या अखेरीस तो बाहेर पडला. जर्सी विकत घेण्याआधी हे वाचलेलं बरं.

मुंबई सिटीच्या अंधेरीच्या मैदानाला मेट्रो १ चं आझाद नगर स्थानक जवळ. मैदान लहान, त्यामुळे मोठ्या सामन्याची तिकिटं लवकर संपतात. गोलमागे बसलात तर वातावरण मिळतं, पण ऑफसाइड आणि बचावाची रेषा कळत नाही. खेळ समजून घ्यायचा असेल तर बाजूला, मध्यरेषेजवळ आणि जमेल तितकं उंच बसा.

वझीर

खो-खोचं थोडक्यात. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम २०२२ ला बालेवाडीत झाला, त्यात मुंबई खिलाडीज होता. शाळेतल्या नियमांवर बघायला गेलात तर गोंधळ उडतो: पाठलाग करणाऱ्यांतल्या एका गड्याला, म्हणजे वझीराला, दोन्ही दिशांना पळता येतं. म्हणून नजर पळणाऱ्यावर न ठेवता वझीर कुठे बसवलाय त्यावर ठेवा. संरक्षकांची तीन जणांची तुकडी त्याच्यापासून लांबच्या खांबाकडे सरकत राहते.

डकवर्थ

एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग, टी-२० क्रिकेट) जूनमध्ये गहुंज्याला होते, म्हणजे पाऊस हा सातवा संघ. २०२३ चा अंतिम सामना पावसात गेला आणि साखळीत अव्वल म्हणून रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. त्यामुळे तिथे साखळीतलं पहिलं स्थान नुसतं शोभेचं नसतं. निकालासाठी दुसऱ्या डावाची किमान पाच षटकं व्हावी लागतात. ढग दिसताना पाठलाग चालू असेल तर धावगती सोडा, दर षटकाअखेर बरोबरीचा आकडा (पावसाच्या नियमाने तेव्हा हव्या असलेल्या धावा) बघा. प्रत्येक विकेटबरोबर तो वर सरकतो. पाचव्या षटकात दोन षटकार मारून तिसऱ्यावर झेल देणारा नायक नसतो, त्याने समीकरण उलटं फिरवलेलं असतं.

धागाकर्ता

मस्त. एक शंका: कबड्डीचा अकरावा हंगाम पुण्यात तरी आला होता, बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली इथेच झाला. घरचा संघ टीव्हीवरच बघायचा, तर बाकावरची रांग कशी कळणार? कॅमेरा तिकडे वळतच नाही.

लोण

कागदावर ठेवायची. एका पानावर दोन उभे रकाने, प्रत्येक संघाच्या सात गड्यांचे जर्सी क्रमांक. गडी बाद झाला की क्रमांकावर रेघ, आणि तळाशी 'बाहेर' अशा ओळीत तोच क्रमांक उजवीकडे जोडायचा. जिवंत झाला की त्या ओळीच्या डावीकडून पहिला खोडायचा. लोण झाला की पूर्ण ओळ खोडून नवी सुरू. कडेला रिकाम्या चढायांच्या काड्या: दोन काड्या झाल्या की पुढची तिसरी. बदली गडी आला तर जुन्या क्रमांकाशेजारी नवा लिहा, बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. टीव्हीचा मुख्य कॅमेरा बाजूने असतो, लांबच्या कोपऱ्यातले पाय दिसत नाहीत, तेव्हा कडेच्या राखीव पट्ट्यात कोण आधी गेलं आणि बोनसला मागचा पाय हवेत होता का, हे रिप्ले येईपर्यंत लिहू नका. आणि पेन्सिल वापरा. रिव्ह्यू घेतला की पंच निर्णय फिरवतात.