मुलाला पोलिसात जायचंय. आकड्यांवर कितपत विसंबायचं?

मृणाल_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. आमचा धाकटा २२ वर्षांचा आहे, इथेच ह्यूस्टनला जन्मला, इथेच वाढला. गेल्या रविवारी पोहे खाता खाता म्हणाला, "आई, मी शेरीफच्या अकॅडमीत अर्ज भरतोय." शेरीफ म्हणजे इथल्या काउंटीचा, जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. हे काहीच बोलले नाहीत, उठून गाडी धुवायला गेले. आदल्याच दिवशी धुतली होती.

माझ्या डोळ्यांपुढे संदीप धालीवाल आले. आमच्या हॅरिस काउंटीत पगडी घालून ड्युटी करणारे पहिले डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचे पोलीस. २७ सप्टेंबर २०१९ ला भरदुपारी त्यांनी एक गाडी थांबवली, चौकशी केली आणि पाठ फिरवून आपल्या गाडीकडे निघाले. त्या माणसाने मागून येऊन गोळी घातली. आमची काही ओळख नव्हती, तरी अंत्यदर्शनाला मी गेले होते. रांगेत माझ्यापुढे एक सरदारजी आजोबा होते. नातवाचा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तो हात अजून डोळ्यांपुढे आहे.

माझे मामा साताऱ्याकडे हवालदार होते. अख्खी नोकरी लाठीवर गेली. रस्त्यात एखादी गाडी अडवली तर आतल्या माणसाकडे पिस्तूल असेल, हे त्यांच्या मनातही येत नसे. इथे प्रत्येक गाडीपाशी तेच आधी मनात आणावं लागतं.

गेले चार दिवस वाचतेय. एक म्हणतो, पोलिसांचे मृत्यू ५० वर्षांत निम्म्यावर आले. दुसरा म्हणतो, वाढतच चाललेत. खरं कुठलं? आणि बंदुकांच्या कायद्याने पोलिसांच्या जिवात काही फरक पडतो का? पक्षांची भांडणं नकोत, कळकळीने विचारतेय.

आकडेमोड

ताई, दोन्ही खरं आहे, मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर ठरतं. हल्ल्यात मारल्या गेलेल्या पोलिसांचा एफबीआयचा आकडा १९७३ मध्ये १३४ होता, २०१३ मध्ये २७, आणि २०२१ मध्ये ७३. बंदुका वाढल्या तरी काही बिघडलं नाही असं ज्याला म्हणायचंय तो १९७३ पासून धरतो, आणि ज्याला धोका दाखवायचाय तो २०१३ पासून. शिवाय 'कर्तव्यावर मृत्यू' या आकड्यात अपघात आणि आजारही येतात. २०२० आणि २०२१ मध्ये त्यातलं सर्वांत मोठं कारण कोविड होतं. तेव्हा कुठलाही आकडा दिसला की त्यात काय काय धरलंय ते आधी बघा.

कायद्याबद्दल: अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये २०१५ साली एक अभ्यास आला होता, १९९६ ते २०१० या काळाचा. ज्या राज्यांत घरोघरी बंदुका जास्त, तिथे पोलीस मारले जाण्याचं प्रमाण कमी बंदुकांच्या राज्यांच्या सुमारे तिप्पट निघालं. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मला ते दुर्लक्ष करण्याजोगं वाटत नाही.

ओटीतली_नर्स

ट्रॉमा ओटीत, म्हणजे गंभीर जखमींच्या ऑपरेशन थिएटरात, १४ वर्षं काढलीत, म्हणून लिहिते. आकडा खाली आला याचा अर्थ गोळ्या कमी झाल्या असा नाही. केव्हलार हा अतिशय चिवट धागा १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला, सत्तरच्या दशकात त्याचे गोळी अडवणारे व्हेस्ट आले, आणि जखमी माणूस टेबलावर येईपर्यंतचा वेळही कमी झाला. पूर्वी जे गेले असते ते आता वाचतात, आणि वाचलेला माणूस मृतांच्या आकड्यात दिसत नाही.

एका रात्री असाच एक जण आला. व्हेस्ट मीच कापला. घामाने जड झालेला, आणि पुढच्या बाजूला बोटाचं टोक मावेल एवढा खळगा. खाली छातीवर बशीएवढा काळानिळा डाग. कातडी फाटली नव्हती. तो सारखा एकच विचारत होता, "माझ्या बायकोला कुणी सांगितलं का?"

पण ती गोळी पिस्तुलाची होती. रोजचा मऊ व्हेस्ट रायफलची गोळी अडवत नाही. त्यासाठी जड प्लेट लागते, ती बारा तास अंगावर कोण वागवणार? ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये पाच पोलीस गेले, २९ एप्रिल २०२४ ला शार्लटमध्ये वॉरंट बजावताना झालेल्या गोळीबारात चार. दोन्हीकडे रायफल. कुणाच्याही हातात इतक्या सहज रायफल पडू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्लेनोकर

ताई, माझी बाजूही ऐका. माझ्याकडे पिस्तूल आहे, रीतसर परवाना काढून घेतलेलं. परवान्यासाठी एक वर्ग करावा लागला, त्यात आम्हाला शिकवलं होतं: पोलिसाने थांबवलं की आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा, परवाना दाखवा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही, म्हणजे तो वर्गही नाही. अनेक पोलीस प्रमुखांनी विरोध केला होता, तरी झालं. हे चुकलं असं मी बंदूक बाळगणारा माणूस म्हणून सांगतो.

पण रायफलींवर बंदी आणून भागेल असं नाही. बहुतेक पोलीस पिस्तुलानेच मारले जातात. आणि धालीवालांना मारणारा आधीच शिक्षा भोगलेला, पॅरोल मोडून फरार होता. त्याने बंदुकीला हातही लावायचा नाही, असा कायदा होताच.

मृणाल_ह्यूस्टन

कायदा होता, मग त्याच्या हातात बंदूक आली कुठून? विकली कुणी, की कुणाच्या गाडीतून चोरीला गेली? माझा जीव तिथेच अडकतो. फरार माणसापर्यंत बंदूक पोचते ती वाट बंद करणं यात कुठल्या पक्षाचं काय जातं?

नर्सताई, व्हेस्टबद्दल अजून सांगाल? पोलीस खातं देतं तो पुरेसा असतो का?

ओटीतली_नर्स

देतात तो चांगला असतो, पण माप अंगावर घेऊनच करून घ्यायला सांगा. सैल व्हेस्ट वर सरकतो आणि काखेखाली उघडं पडतं. साधारण पाच वर्षांनी बदलायचा असतो, आतल्या पट्टीवर तारीख असते. आणि उन्हाळ्यात उकडतं म्हणून काढून ठेवायचा नाही, हे त्याला आत्ताच बजावा.

मृणाल_ह्यूस्टन

काल रात्री त्याला हे सगळं वाचून दाखवलं, मराठी वाचायला त्याला वेळ लागतो म्हणून. बशीएवढ्या डागापाशी आले तेव्हा हे टीव्ही बंद करून येऊन बसले. शुक्रवारी अर्ज जाणार आहे. माप कधी घेतात ते विचारून सांगतो म्हणालाय, आणि त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाणार आहे.