माळावरच्या श्रमदानाची तयारी कशी करावी?

माळवाट: दहिवडीजवळ रविवारी श्रमदान आहे. ४० जण येतील, बहुतेक नवखे. सलग समतल चर (उतारावर पाणी अडवायला एकाच पातळीत खोदलेले लांब चर) खोदायचेत. आखणी, हत्यारांचं गणित कसं धरू?

मुरूमकरी: दादा, आखणी आदल्या दिवशीच चुन्याच्या फक्कीनं उरका. त्याआधी पातळी मोजायची ए-फ्रेम (ओळंबा टांगलेली, A आकाराची काठ्यांची चौकट) जुळवून घ्या: तिचे दोन्ही पाय दोन खुणांवर ठेवा, ओळंब्याची रेघ आडव्या काठीवर मारा. पाय अदलाबदल करून दुसरी रेघ मारा. ओळंबा दोन्ही रेघांच्या मध्यावर आला म्हणजे समतल. इथं चुकलात तर पाणी सखल टोकाला धावतं आणि पहिल्याच वळवात भराव फुटतो.
चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून ३० सेंमी सोडून टाका. वर टाकली की ती परत चरातच येते.

शिवारताई: तिघांमागे एक टिकाव, एक फावडं, दोन घमेली. दांडे आदल्या रात्री पाण्यात भिजवा, पाती ढिली राहत नाहीत. नवख्याला दोन मीटरच द्या. सकाळी सहाला सुरुवात, नऊला बंद. ऊन फार वाईट. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी आधी!

मुरूमकरी: पहिल्या पावसानंतर भरावावर स्टायलो (चाऱ्याचं एक पीक) पेरा, माती धरून ठेवतं.