यादी नंतर, टॅब आधी
नवख्याला लिनक्सचं टर्मिनल (कमांड टाइप करून संगणक चालवायची खिडकी) शिकवताना आधी कमांडची यादी पाठ करून घ्यावी, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. नवख्याची गाडी अडते ती कमांड आठवत नाही म्हणून नव्हे, तर आपण कुठल्या फोल्डरात आहोत हेच कळत नाही म्हणून. म्हणून सुरुवातीला पीडब्ल्यूडी (pwd, आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगते), एलएस (ls, त्यातल्या फाइलींची यादी दाखवते), सीडी (cd, फोल्डर बदलते) एवढंच पुरे, आणि लगेच टॅबची कळ. नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव शेल (आपली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) भरतं. नावात मोकळी जागा असली की गंमत असते: 'जमा खर्च' ही एकच फाइल शेलला दोन वाटतात. अवतरणचिन्हं घालायची, नाहीतर टॅब ते सांभाळून घेतंच.

दुसरं म्हणजे कमांडचं गप्प बसणं. सीपी (cp, फाइलची नक्कल करणारी कमांड) नीट चाललं तर पडद्यावर काहीच उमटत नाही, मग शिकणारा तीच कमांड पुन्हा मारतो. सुडोला (sudo, प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) पासवर्ड देताना तर बहुतेक ठिकाणी ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजणारेही भेटतात! हे आधीच सांगून टाकावं.

आरएम (rm, फाइल उडवणारी कमांड) मात्र सरावाच्या वेगळ्या फोल्डरातच शिकवा, तेही उणे आय (-i) लावून, म्हणजे प्रत्येक फाइल उडवण्याआधी ते विचारतं. आरएमने उडवलेलं कचरापेटीत सापडत नाही.